हनुमान, गणपती आणि प्लेस्टेशन

मीरा रोडच्या शांतीनगरात किंवा भाईंदर पश्चिमेला वाढलेल्या, आज चाळिशीला टेकलेल्या कुणालाही पहिला गेम विचारा. उत्तर मारिओ किंवा कॉन्ट्रा हेच येईल. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खोचायची कॅसेट, आणि ती चालली नाही तर तिच्यात मारायची फुंकर. तो डबा बहुधा निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल असे, कारण अस्सल माल आवाक्याबाहेर होता. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तो ८० टक्के आयात शुल्कातून वाट काढण्यासाठी. तरीही किंमत होती १८ हजार रुपये! घराचे हप्ते फेडणाऱ्या नोकरदाराला ती कुठून परवडणार?

ही कोंडी फोडली सोनीच्या प्लेस्टेशन २ ने. मार्च २००० मध्ये जपानात आलेलं हे यंत्र जगभरात १६ कोटींच्या वर खपलं. आपल्याकडे ते चिप बसवून घेतलं जाई आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कॉपी सीडींवर चाले. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ भारतात ३९,९९० रुपयांना आला, तेव्हाही मध्यमवर्गीय घरांत जुनं यंत्रच टिकून राहिलं. सोनीने हे ओळखलं आणि या जुन्या यंत्रासाठी इथल्याच लोकांकडून गेम बनवून घेतले. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोनाचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला, कबड्डी आणि विटीदांडू खेळायला देणारा. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइनने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला.

हे गेम कच्चे होते, हे मान्यच करायला हवं. तरीही प्लेस्टेशनच्या भारतातल्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा काळ मला हाच वाटतो. विटीदांडू खेळणारं पोर पडद्यावर यावं, असं एका जपानी कंपनीला तेव्हा वाटलं होतं. तो धागा पुढे तुटला. २०१३ मध्ये ‘डॉन २’चा गेम आला तेव्हा प्लेस्टेशन २ चं उत्पादनच थांबलं होतं.

दरम्यान कंपनीचा मुक्कामच हलत होता. २०१६ मध्ये प्लेस्टेशनचं मुख्यालय कॅलिफोर्नियात गेलं. २०२१ मध्ये टोकियोचा जुना जपान स्टुडिओ मोडून त्याची फेररचना झाली. या बदलाची एक खूण अगदी बोटांखाली सापडते. जपानात ‘हो’ म्हणायला गोल बटण दाबत आणि ‘नाही’ म्हणायला फुली. प्लेस्टेशन ५ पासून तिथेही फुलीचा अर्थ ‘हो’ झाला, अमेरिकेसारखा.

पैसा आता घरच्या मालिकांवर लागत होता : गॉड ऑफ वॉर, अनचार्टेड, स्पायडरमॅन, द लास्ट ऑफ अस. स्पायडरमॅन घडवणारा इन्सोम्नियॅक स्टुडिओ सोनीने २०१९ मध्ये विकत घेतला. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर. एवढा पैसा वसूल करायचा तर किंमतही तशीच लागणार. प्लेस्टेशन ५ चा नवा गेम भारतात ४,९९९ रुपयांना मिळू लागला. घरी घेणं झेपत नाही म्हणून मुलं गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळतात, यात नवल नाही.

आणि याच घरच्या मालिकांत आपला मुलूखही आला. ऑगस्ट २०१७ मध्ये, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी, ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ बाजारात आला. भारतीय वडिलांची मुलगी क्लोई पश्चिम घाटात होयसळांचे अवशेष पालथे घालत गणपतीचा सुळा शोधते. परशुरामाच्या परशूने तो तुटल्याची कथा कोकणातल्या आजीने सांगितलेली असते, तीच इथे कोडी आणि कड्यांच्या रूपात समोर येते. काम देखणं आहे. पण ते कॅलिफोर्नियात झालं, आणि ती कथा ज्यांच्या घरातली, ते फक्त गिऱ्हाईक राहिले. याची मला मनापासून खंत वाटते, कारण हे काम इथे होऊ शकतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ बनवला. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे आपल्याकडे अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या यंत्रावर, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

सोनीने २०२३ मध्ये इथल्या गेम बनवणाऱ्यांना पाठबळ देणारा ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. त्यात निवडलेल्या गेममध्ये अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. एका संग्रहालयात घडणारा, मानवी तस्करीवरचा. चीनसाठी अशीच योजना २०१६ मध्येच सुरू झाली होती. आपली पाळी उशिरा आली, तरी आली याचा आनंद आहे.

मात्र कंपनी एखाद्या बाजारासाठी किती वाकू शकते, तेही पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानी गिऱ्हाइकासाठी सोनीने फक्त जपानी भाषेत चालणारा प्लेस्टेशन ५ काढला, ५५ हजार येनला, नेहमीच्यापेक्षा बराच स्वस्त. नेहमीच्या प्लेस्टेशन ५ च्या मेन्यूत थाई आहे, व्हिएतनामी आहे. हिंदी नाही, मराठीही नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या मीरा-भाईंदरची वस्ती ८,०९,३७८ होती. आपली भाषा मागायला एवढी वस्ती पुरेशी आहे, आणि ती मागणी दुकानदारापासून कंपनीपर्यंत आपणच पोहोचवायला हवी.