वनौषधींचे स्थलवितरण आणि त्यांची आनुवंशिक रचना

अशोकाच्या सालीत होणारी भेसळ औषधनिर्मात्यांस नवी नाही. आसुपालवाची साल अशोकाची म्हणून बाजारात येते आणि द्रव्यपरीक्षणाचा आपला बराच वेळ ती ओळखण्यातच जातो. तथापि साल अस्सल अशोकाची असली तरी ती कोणत्या रानातील, तेथे किती वृक्ष उरले आहेत व ते परस्परांपासून किती अंतरावर उभे आहेत, हे प्रश्न आम्हांस तितकेच महत्त्वाचे वाटतात. सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे याचा विचार आहेच. त्याच विचाराची एक निराळी बाजू येथे मांडावयाची आहे.

वनस्पती स्थावर आहे. तिची जनुके परागकणांबरोबर आणि बीजाबरोबर, एवढ्या दोनच मार्गांनी प्रवास करतात. हा प्रवास जेथे तोकडा असतो तेथे शेजारी उभी असलेली झाडे बहुधा एकमेकांची नातलग असतात आणि अंतर वाढेल तसे नाते विरळ होत जाते. सेवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये याचे गणिती विवेचन केले. एकाच जातीचे सलग दिसणारे रानसुद्धा आतून लहान लहान कुळांत विभागलेले असू शकते, हा त्याचा मथितार्थ.

अशोकाच्या बाबतीत हे सहज पटते. त्याचे बी मोठे व जड असते. वाऱ्याने उडत नाही. ते वृक्षाखाली पडते किंवा ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली जाते, आणि सुकल्यास उगवणशक्ती लवकर गमावते. म्हणूनच अशोक ओढ्याकाठच्या सावलीत समूहाने आढळतो. एकाच मातेची परंतु भिन्न पित्यांची रोपे सरासरीने एक चतुर्थांश जनुके समान वारशाने घेतात. मातापिता दोन्ही एकच असल्यास निम्मी. आता सालीसाठी मधले वृक्ष सोलले गेले व वाळले, तर समूहांमधील अंतर वाढते, कीटकांकरवी होणारी परागांची देवघेव खुंटते आणि उरलेल्यांत सगोत्र संकर वाढतो. प्रजननक्षम वृक्ष १० च उरले तर दर पिढीस सुमारे ५ टक्के आनुवंशिक वैविध्य नष्ट होते. ५० असल्यास सुमारे १ टक्का. वृक्षांची पिढी दीर्घ असल्याने ही हानी डोळ्यांस दिसत नाही. झाडे पूर्ववत फुलतात, आणि आपण निश्चिंत राहतो!

गुग्गुळाची गोष्ट याहून निराळी. कच्छ व राजस्थानातील या झुडपात नर झाडे अत्यल्प असून पुष्कळसे बीज परागसिंचनावाचून, मातेच्याच ऊतीपासून तयार होते. असे रोप मातेची प्रतिकृतीच होय. त्यामुळे दूरदूर विखुरलेली झुडपेही आनुवंशिकदृष्ट्या एकच असू शकतात. तेथे अंतरावरून नात्याचा अंदाज बांधता येत नाही. २०१५ मध्ये ही जाती जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. डिंकासाठी चुकीच्या रीतीने चिरा पाडल्याने झुडपे मरतात आणि नवी लागवड बहुधा छाट कलमांनी होते. एकाच मातृझुडपाची कलमे मोठ्या क्षेत्रावर लावल्यास एखादा रोग सर्वांस सारखाच बाधेल.

अमुक प्रांताची साल गुणाने श्रेष्ठ, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यात माती, पाऊस व वय यांचा वाटा किती आणि जनुकांचा किती, हे निरनिराळ्या ठिकाणची रोपे एकाच शेतात वाढविल्यावाचून सांगता येणार नाही. तोवर अशा विधानांवर भाव ठरवू नये, असे आमचे मत आहे.

अनेक औषधालये आज रोपलागवडीस साहाय्य करतात. त्यांनी रोपवाटिकेस प्रथम विचारावे, बी कोठले? देवळासमोरच्या किंवा बागेतल्या एकट्या वृक्षाचे बी गोळा करणे सोपे, म्हणून तेच घेतले जाते. त्यातून हजार रोपे झाली तरी माता एकच. शक्यतो ३० वा अधिक वृक्षांचे, परस्परांपासून १०० मीटरहून दूर असलेल्यांचे बी घ्यावे. मात्र दूरच्या प्रदेशातील बी सरसकट मिसळू नये, कारण स्थानिक हवामानाशी जुळलेले गुण त्यात हरवतात. अशोकाचे बी गोळा केल्यावर न सुकविता लगेच पेरावे, आणि गुग्गुळाच्या कलमांवर मातृझुडपाचा क्रमांक लिहून त्याची नोंदवही ठेवावी.