नंबर गेला, डोळा लांबच राहिला

लेसरने किंवा डोळ्यात लेन्स बसवून चष्मा उतरला की माणसं डोळ्यांच्या डॉक्टरला विसरतात. ज्यांचा नंबर उणे सहाच्या पलीकडे होता, त्यांनी हा विसराळूपणा करू नये. नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाही. एरवी पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर भरणारा डोळा अशा लोकांत बहुधा 26च्या वर जातो, काहींचा तिशीही ओलांडतो. गोळा वाढतो, पण आतला पडदा त्या मापात वाढत नाही. तो ताणून पातळ होतो.

पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलाच्या खोलगट बिंदूत, तो आधीच नाजूक असतो. त्यावर डोळ्यातल्या जेलीची ओढ आणि मागच्या भिंतीचा फुगवटा. कधी आधी पडद्याचे थर सुटतात, मग छिद्र पडतं. त्यातून पाणी शिरून पडदा सरकण्याचा धोका अशाच डोळ्यांत जास्त.

दुखत काहीच नाही. वाचताना ओळीतलं नेमकं मधलं अक्षर गायब होतं, दाराची चौकट मध्येच वाकते. दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून महिनोन् महिने पत्ता लागत नाही. मग ‘नंबर वाढला असेल’ म्हणत लोक थेट चष्म्याच्या दुकानात जातात! त्यापेक्षा अधूनमधून एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहावेत. ते वाकडे दिसले तर पडद्याचा डॉक्टर गाठावा. पडद्याच्या ओसीटी या स्कॅनमध्ये छिद्र स्पष्ट दिसतं.

यावर इलाज नाही, असंच पूर्वी मानत. 1991मध्ये अमेरिकेत केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने छिद्र बुजू शकतं हे दाखवलं. आता पद्धत अशी: जेली काढायची, पडद्यावरचा काही मायक्रॉनचा पापुद्रा निळ्या रंगाने रंगवून सोलायचा, गॅस भरायचा. लांब डोळ्यात मात्र पडदा छिद्र मिटवायला अपुरा पडतो. म्हणून तो पापुद्रा पुरता न काढता छिद्रावर उलटवतात. पोलंडच्या झोफिया मिहालेव्स्का यांनी 2010मध्ये मोठ्या छिद्रांसाठी मांडलेली ही युक्ती इथेही कामी आली.

नंतर काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास बंद, घाट चढायचा तरी आधी विचारायचं, कारण उंचीवर गॅस फुगून डोळ्याचा दाब वाढतो. छिद्र बुजलं तरी नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही, आणि हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढण्याआधीच रुग्णाला स्पष्ट सांगितलेलं बरं.