सौरघटातील सिलिकॉन आणि आवर्तसारणीतील त्याचे शेजारी

गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेत देशात वापरल्या जाणाऱ्या सौर पॅनेलची चाचणी होते. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या मुख्यालयाची पायाभरणीही याच आवारात २५ जानेवारी २०१६ रोजी झाली. शेतातील सौरपंप वर्षानुवर्षे चालेल की नाही, हे पॅनेलमधील अणूंच्या बाह्यतम कक्षेवरही अवलंबून असते.

मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्ये मुख्यतः अणुवस्तुमानानुसार मांडली. मात्र टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याला आधीचे स्थान द्यावे लागले. हा पेच हेन्री मोझली यांच्या १९१३ च्या क्ष-किरण प्रयोगांनी सोडवला. मूलद्रव्याचे स्थान वस्तुमान नव्हे, तर केंद्रकातील धनप्रभार, म्हणजेच अणुअंक ठरवतो. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारले गेले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते.

सिलिकॉनचा अणुअंक १४ आणि इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ४. बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन शेजारच्या चार अणूंशी बंध जुळवण्यात गुंतलेले असल्याने शुद्ध सिलिकॉन विजेचा कच्चा वाहक ठरतो. त्यात फॉस्फरसचा (२, ८, ५) अणू बसवला की पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा उरतो. बोरॉनचा (२, ३) बसवला की एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. या दोन थरांच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. सूर्यप्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एका दिशेला लोटते, आणि तारेतून वीज वाहू लागते. लाखो सिलिकॉन अणूंमागे परका अणू एखादाच असतो. शास्त्राच्या परिभाषेत त्याला ‘अशुद्धी’ म्हणतात. सारी किमया मात्र तिचीच.

बोरॉनमध्ये एक खोट आढळली. सिलिकॉनमधील ऑक्सिजनशी त्याची जोडी जमते आणि उन्हात ठेवलेल्या नव्या घटाची क्षमता थोडी घटते. त्यामुळे अलीकडे अनेक उत्पादक बोरॉनऐवजी गॅलियम वापरू लागले आहेत. बोरॉनचा अणुअंक ५, गॅलियमचा ३१. तरीही काम तेच, कारण गॅलियमचे संरूपण २, ८, १८, ३ आहे. बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असल्याने दोघेही एकाच गणात बसतात. याच गॅलियमसाठी मेंडेलीव्ह यांनी सारणीत रिकामी जागा राखली होती आणि तिला संस्कृतमधील ‘एक’ जोडून ‘एक-ॲल्युमिनियम’ असे नाव दिले होते. ते मूलद्रव्य १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडले.