कार्यप्रणाली बदलताना

रायपूरच्या पुरानी बस्तीत कोणी अर्ज टंकून देतो, असे समजा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार संपला, जुन्याच संगणकावर सी-डॅकची ‘बॉस’ ही विनामूल्य लिनक्स कार्यप्रणाली बसवावी, हा त्याचा विचार रास्तच आहे. परंतु त्याच्या आज्ञावली तेथे चालतील काय? फाइल उघडणे, छापणे ही कामे आज्ञावली कार्यप्रणालीकडून तिच्याच बोलीत करवून घेते. बोली बदलली की ती मुकी होते. १९९३ पासून घडत आलेली ‘वाइन’ दुभाष्याचे काम करते, परंतु सर्वच आज्ञावलींना ते मानवत नाही. पत्रलेखनास ‘लिब्रेऑफिस’ दोन्हीकडे मिळते. खरी पंचाईत ‘कृतिदेव’ टंकातील जुन्या अर्जांची! तो टंक सोबत नेला नाही, तर ‘क’च्या जागी रोमन ‘डी’ उमटतो. ते अर्ज आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. जुनी प्रणाली नंतर पुसावी.