खारजमिनीपासून धावपट्टीपर्यंत : पनवेलच्या व्यवसायबदलाचा मागोवा

परिस्थिती पालटली की मनातली भीती आणि दुःख न नाकारता, आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने काम करत राहण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात मानसिक लवचिकता म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेस यांच्या उपचारपद्धतीचा ती गाभा आहे. व्यवसाय बदलताना या क्षमतेची कसोटी लागते. पनवेल तालुक्यात १९७० नंतर अशी कसोटी अख्ख्या गावांची लागली.

त्याआधी खाडीकाठच्या गावांचे पोट भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर चाले. खारजमिनीत भात पिकवणे कसबाचे काम होते. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीत सोडायचे आणि उधाणाने बांध फोडला तर गावाने मिळून तो बुजवायचा. तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधण्याचे हे ज्ञान पुढे नोकरीच्या कुठल्याच अर्जात लिहिता येणार नव्हते.

मार्च १९७० मध्ये सिडको या शहरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. शेत गेले की उत्पन्नासोबत दिवसाची घडी, कामातला मान आणि शेतकरी म्हणून असलेली ओळखही जाते. मोबदल्याच्या रकमेत या गोष्टींचा हिशेब नव्हता.

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. लवचिकता म्हणजे मुकाट्याने वाकणे नव्हे, हे या भागाने फार मोठी किंमत मोजून दाखवले.

दरम्यान रोजगाराचे रूप पालटत होते. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आलेली हार्बर लोकल यांनी नवी कामे आणली. कोणी ट्रक घेतला, कोणी रेती-खडी पुरवण्याचा धंदा धरला, कोणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. मात्र ही उभारी सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. भूखंड आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळत असे. लावणी-कापणी करणाऱ्या बायका, मिठागरांतले मजूर आणि कूळ म्हणून नोंद नसलेले कष्टकरी यांतले अनेकजण त्या कागदाबाहेर राहिले.

नवी मुंबई विमानतळासाठी पुन्हा दहा गावे हलली. या वेळी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय देण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बां.चे नाव द्यावे, या मागणीसाठी २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले होते. व्यवसाय बदलले तरी स्वतःच्या इतिहासावरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता.

व्यवसायाशी जुळवून घेण्याचे चार आधार मानसशास्त्रज्ञ मार्क सॅविकस यांनी सांगितले आहेत : भविष्याचा विचार, निर्णयावर ताबा, नव्याविषयी कुतूहल आणि आत्मविश्वास. पनवेलमध्ये ताबा संघटित लढ्याने मिळवून दिला, तर आत्मविश्वासाला हाती आलेल्या भूखंडाचे आणि शिक्षणाचे बळ मिळाले. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही, त्यांच्याकडून केवळ मनोबलाच्या जोरावर नवे आयुष्य उभारण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. विमानतळाभोवती रोजगार वाढतील तेव्हा प्रशिक्षणाची पहिली जागा त्यांचीच असायला हवी.