दोन बोअर, मीटरवर आकडा सारखाच. मग एकाच शेताची जमीन चोपण का होते? खारपाणपट्ट्यातील पाण्याची मोजणी समजून घ्या

अकोट : तालुक्यात नवा बोअर मारला की पाणी किती लागले यापाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो. गोडे लागले की खारे? जिभेवर थेंब ठेवून उत्तर देण्याचे दिवस आता मागे पडले. काहीशे रुपयांचा पेनासारखा टीडीएस मीटर अनेकांच्या घरात आहे. पण ओलितासाठी पाणी वापरायचे असेल, तर हा मीटर अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी कळली नाही, तर काही हंगामांत जमीन बिघडू शकते.

खारपाणपट्टा म्हणजे नेमके काय?

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. त्यात ८९४ गावे आणि सुमारे ४.६९ लाख हेक्टर क्षेत्र येते. अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्यावर संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णेकडे जावे तसे भूजल खारे होत जाते. म्हणूनच इथल्या अनेक गावांची तहान वान धरणाच्या पाण्यावर भागवावी लागते.

मीटर काय मोजतो?

टीडीएस मीटर क्षार थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते, हे तो मोजतो. याला विद्युतवाहकता किंवा ईसी म्हणतात. त्या आकड्याला ठरावीक गुणकाने गुणून मीटर टीडीएस दाखवतो. काही मीटरमध्ये हा गुणक ०.५ असतो, काहींत ०.६४ किंवा ०.७. त्यामुळे एकाच बादलीतील पाण्याचे दोन मीटरवर दोन आकडे येऊ शकतात. शक्य असेल तर ईसीचाच आकडा बघा.

तापमानही महत्त्वाचे. पाणी एक अंशाने तापले की ईसी साधारण २ टक्क्यांनी वाढते. मीटरमध्ये तापमान दुरुस्तीची सोय नसेल, तर मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी आहे त्यापेक्षा जास्त खारे दिसेल. मीटर बरोबर आहे का, हे १४१३ मायक्रोसायमनच्या प्रमाणित द्रावणात बुडवून तपासता येते.

समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळणारे रिफ्रॅक्टोमीटर मात्र इथे उपयोगाचे नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते उपकरण त्या पातळीसाठी बनवलेले असते. दोन-तीन ग्रॅमचा फरक त्यावर नीट कळत नाही.

मग अर्धी गोष्ट कोणती राहते?

पाण्यात क्षार किती, हे मीटर सांगतो. कोणते क्षार, हे सांगत नाही. काळ्या जमिनीचा खरा शत्रू सोडियम आहे. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण फुगतात, सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजतात. पाणी खाली मुरत नाही. वर चिखल साचतो आणि वाळला की दगडासारखा कडक होतो. हीच चोपण जमीन.

सोडियमचा धोका ‘एसएआर’ या आकड्याने मोजतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज करा, तिला २ ने भागा, वर्गमूळ काढा आणि सोडियमच्या आकड्याला त्याने भागा. हे आकडे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात घ्यायचे.

उदाहरण घेऊ. दोन्ही बोअरच्या पाण्याचा ईसी २ डेसीसायमन प्रति मीटर आहे. पहिल्यात सोडियम ६ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून १४. एसएआर येतो सुमारे २.३. दुसऱ्यात सोडियम १६ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ४. एसएआर येतो ११.३. मीटरवर दोन्ही सारखेच, पण दुसरे पाणी जमीन चोपण करू शकते. एसएआर १० च्या पुढे गेला की सावध व्हायचे, हा सर्वसाधारण नियम. भारी काळ्या जमिनीत त्याआधीच काळजी घेतलेली बरी.

नमुना कसा घ्यावा?

• बोअर १० ते १५ मिनिटे चालू ठेवा, मगच पाणी घ्या.
• प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि एक लिटर पाणी काठोकाठ भरा.
• बाटलीवर गाव, गट क्रमांक, बोअरची खोली आणि तारीख लिहा.
• प्रयोगशाळेत ईसी, सामू, एसएआर आणि आरएससी या चारही तपासण्या मागा. आरएससी २.५ च्या वर असेल, तर ते पाणी ओलितासाठी अयोग्य मानतात.
• पाण्यासोबत मातीचीही तपासणी करून घ्या.

खारेपणा कमी करता येतो का?

पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून सोडियम जात नाही. शेतासाठी सोपा मार्ग म्हणजे शेततळ्यातील पावसाचे पाणी मिसळणे. पण इथेही एक मेख आहे. वरच्या दुसऱ्या बोअरच्या पाण्यात तेवढेच पावसाचे पाणी मिसळले, तर ईसी २ वरून जवळपास १ वर येतो. एसएआर मात्र ११.३ वरून ८ वरच येतो. क्षार निम्मे होतात, सोडियमचा धोका निम्मा होत नाही.

म्हणून जमिनीवरही उपाय लागतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवतो आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत निघून जातो. त्यासाठी जिप्सम पावसाळ्यापूर्वी टाकावे आणि शेतातून निचऱ्यासाठी चर हवेत. निचरा नसेल, तर सोडियम तिथेच राहतो. मात्रा शेजाऱ्याला विचारून नव्हे, माती तपासणीच्या अहवालावरून ठरवा. ढैंचा किंवा बोरूचे हिरवळीचे खतही मदत करते.

पिण्यासाठी कोणता आकडा?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर २००० पर्यंत मुभा आहे. घरचा आरओ क्षार काढतो, पण त्यातून बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्याहून अधिक खारे असते. ते परसातील झाडांना घालू नका.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे वर्षातून दोनदा पाणी तपासा आणि अहवालांचे फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. एसएआर दरवर्षी चढत असेल, तर जमीन कडक होण्याआधीच ते लक्षात येईल.