मांडीवर मावेल तेवढंच

भाची पुढच्या महिन्यात बारामतीला विमान उडवायला शिकायला जाणार आहे. बिडकीनच्या घरात, बहिणीच्या ओसरीवर, सामानाची यादी चालली होती. हेडसेट झाला, वह्या झाल्या, मच्छरदाणीसुद्धा झाली. मग तिनं विचारलं, "मामा, विमानात वापरायला लॅपटॉप कोणता घेऊ?"

घरात ज्याला त्याला मत होतं. कुणी रॅम सांगितली, कुणी प्रोसेसर. मी टेप आणायला सांगितली.

शिकाऊ मुलांना बहुतेक जे विमान मिळतं ते सेसना १७२ किंवा त्याहून लहान १५२. १७२ ची केबिन आतून रुंदीला साधारण चाळीस इंच. म्हणजे एका माणसाच्या पलंगापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त, आणि तेवढ्यात शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून बसणार. पण खरी अडचण रुंदीची नाहीच. सेसनामध्ये समोरच्या पॅनलमधून एक दांडा येतो आणि त्याच्या टोकाला गाडीच्या स्टिअरिंगसारखं अर्धचक्र असतं, त्याला योक म्हणतात. विमान धावपट्टीला टेकवायच्या क्षणी नाक वर उचलावं लागतं आणि त्यासाठी हा योक पोटाकडे ओढत आणावा लागतो. मांडीवर लॅपटॉप उघडून ठेवलाय आणि योक त्याच्या झाकणाला अडला, तर नाक उचलणार कसं? भाचीला खुर्चीत बसवलं, मांडीवर घरातला लॅपटॉप ठेवला आणि हातात ताटली देऊन म्हटलं, ओढ पोटाकडे. ताटली स्क्रीनला आपटली. लॅपटॉपचा विषय तिथेच संपला.

आता उरला टॅबलेट. तोही आठ इंचांच्या आसपासचा, मांडीला पट्ट्यानं बांधता येईल असा. अकरा इंची टॅबलेटवर नकाशा मोठा दिसतो हे खरं, पण तो बांधला की योक फिरवताना हात त्याच्यावरून घासतो. सुटा तर काहीच ठेवायचा नाही. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि लहान विमान खड्ड्यातल्या रिक्षासारखं उसळतं. सुटी वस्तू तेव्हा डोक्यात बसते किंवा पायातल्या पेडलांखाली जाऊन अडकते. त्या हादऱ्यांत स्क्रीनवर बोटही नेमकं पडत नाही. म्हणून ज्या ॲपची बटणं मोठी, ते चांगलं.

दुकानदार सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट: आयपॅडचं फक्त वायफायवालं मॉडेल घेतलं तर त्यात जीपीएस नसतं. सिमकार्ड घालता येणाऱ्या मॉडेलमध्ये असतं, आणि सिम घातलं नाही तरी ते चालतं. थोडे पैसे वाचवायला गेलात, तर आकाशात आपण कुठे आहोत हे न सांगणारा नकाशा हातात येईल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उन्हाची. ॲपलनं आयपॅडसाठी सांगितलेली वापराची मर्यादा शून्य ते ३५ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. काचेखाली उन्हात उभं असलेलं विमान आतून किती तापत असेल, ते बंद जीपमध्ये बसलेल्याला वेगळं सांगायला नको. टॅबलेटला पंखा नसतो. तापला की तो स्वतःला वाचवायला आधी स्क्रीन मंद करतो, मग बंदच होतो. इथे खरा पेच आहे. लख्ख उन्हात नकाशा दिसावा म्हणून उजेड पूर्ण वाढवावा लागतो, आणि उजेड वाढवला की टॅबलेट आणखी तापतो. उडताना चार्जिंगला लावला तर त्यात भर. म्हणून रात्रीच पूर्ण चार्ज करायचा, जाड कव्हर काढून टाकायचं, हवेच्या झरोक्याचं तोंड त्याच्याकडे वळवायचं, आणि उभ्या विमानात तो कधीच सोडून यायचं नाही. स्वस्त पॉवरबँक तर नकोच. एवढ्याशा जागेत लिथियम बॅटरीनं पेट घेतला तर पळायला जागा नाही.

गॉगलचंही पाहून घ्यावं. पोलराइज्ड काच घातली की काही स्क्रीन एका बाजूनं धरल्यावर काळ्या दिसतात. दुकानातच गॉगल लावून टॅबलेट आडवा-उभा फिरवून बघायचा. चुंबकाचं कव्हर होकायंत्राजवळ न्यायचं नाही. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्डडिस्क साधारण दहा हजार फुटांपर्यंतच भरवशाची, कारण तिचं वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि वर हवा विरळ होते. टॅबलेटमध्ये फिरतं काही नसतं, त्यामुळे ती चिंता नाही.

उन्हाचा त्रास यंत्राला होतो तसा विमानालाही होतो. बिडकीनजवळचं आपलं चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. चाळीस अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीनं ते पाच हजार फुटांहून उंच डोंगरावर उभं असतं. पंखांना पकड कमी, इंजिनाला दम कमी, धावपट्टी जास्त लागते. हा हिशेब उड्डाणाआधी करायचाच असतो, आणि तो टॅबलेट क्षणात करतो.

पण टॅबलेटवर भिस्त किती ठेवायची? अमेरिकन एअरलाइन्सनं वैमानिकांच्या पंधरा-सोळा किलोंच्या कागदी बॅगा काढून आयपॅड दिले. एप्रिल २०१५ मध्ये नकाशांचं ॲप अडकलं आणि त्यांची डझनावारी उड्डाणं खोळंबली. तिथे निदान विमानं जमिनीवर होती. एकट्यानं उडणाऱ्या शिकाऊ मुलीचा स्क्रीन हवेत काळा पडला तर? विमानात कुठलं उपकरण चालेल हे तिनं आधी शाळेला विचारावं, कारण विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचे नियम शाळेला पाळायचे असतात. परवानगी मिळाली तरी ते मदतनीस म्हणूनच वापरावं.

जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहू गाठलं, तेव्हा विमानात रेडिओसुद्धा नव्हता. आजही विमान उडवायच्या शिक्षणात 'कॉम्प्युटर' म्हटलं की पुष्कळदा एक गोल चकती समोर येते. १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन या अमेरिकन माणसानं घडवलेली ती ई-सिक्स-बी. दोन तबकड्या एकमेकींवर फिरवायच्या आणि वेग, वेळ, इंधन, वारा यांचा हिशेब वाचायचा. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, ऊन लागत नाही. माझ्या मते पहिले पैसे तिच्यावर खर्च करावेत, टॅबलेटचं नंतर पाहावं.

भाचीकडे ती आधीच होती. ओसरीवर नकाशा पसरून तिनं पट्टी लावली. चिकलठाणा ते बारामती, सरळ रेषेत सुमारे १०८ सागरी मैल. ९० नॉटचा वेग धरून तिनं तबकडी फिरवली आणि आईला सांगितलं, "बहात्तर मिनिटं." मग समोरून पंधरा नॉटचा वारा धरला. "आता शहाऐंशी." आणि तेवढ्याला इंधन किती लागेल ते बघायला ती पुन्हा तबकडीवर वाकली.